माझा पालखीचा खांदा

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. बघा, आत्ताच हसताय! बरं, हसा. बायको गेल्या शिमग्यापासून हसतेच आहे, त्यात तुमची आणखी काय भर पडणार?

तर झालं काय, माझा उजवा खांदा दुखायला लागला.

एवढंच! लोकांचे खांदे दुखतात, लोक बाम लावतात आणि गप्प बसतात. पण सरळ गोष्टीचा विचका करण्याची कला माझ्या अंगात उपजतच आहे. या एका खांद्याच्या जोरावर मी आठवडाभरात जेवढी अब्रू कमावली, तेवढी उभ्या जन्मात कमावली नव्हती. आणि घालवली तीही त्याच खांद्यापायी.

मी रत्नागिरीत आंब्याच्या एका पॅकिंग शेडमध्ये कामाला आहे. शेड म्हटल्यावर मी क्रेट उचलतो असं समजू नका. क्रेट उचलतात नानांची माणसं. नाना म्हणजे आमचे मुकादम, साठीला टेकलेले, पण भरलेला क्रेट असा उचलतील की त्यात शेवग्याची पानं भरली आहेत असं वाटावं. मी बसतो आत, काचेच्या खोलीत, कॉम्प्युटरसमोर. कुठला माल कुठल्या गाडीत, कुठल्या पेटीवर कुठलं लेबल, हे माझं काम. दिवसभर माउस फिरवायचा आणि टिकटिक करायची. वजन ते किती त्या माउसाचं? साबणाच्या वडीएवढं!

आता माझं टेबल. ते मुळात टेबल नव्हेच. पूर्वी त्याच्यावर वजनकाटा असायचा. उभ्या माणसाला पेटी ठेवायला सोपं जावं म्हणून बनवलेलं उंच लाकडी धूड ते. आणि खुर्ची? ती मालकांच्या घरून निवृत्त होऊन आलेली. तिची गादी पार खचलेली. म्हणजे टेबल वर, मी खाली. माउस धरला की माझं कोपर कानाला लागायचं. काचेबाहेरून बघणाऱ्याला वाटावं, हा इसम सकाळपासून हात वर करून बसलाय आणि बाई काही याला उत्तर विचारत नाहीत.

दिवाळीपासून खांदा कुरकुरत होता. मी लक्ष दिलं नाही. शिमगा जवळ आला तोवर शर्टाची बाही चढवताना डोळ्यांत पाणी यायला लागलं. तरी मी आपला माउस फिरवतोच आहे!

आणि मग शिमग्याला गावी गेलो. गाव आमचं गुहागरकडे. आमच्याकडे ग्रामदेवतेची पालखी निघते, घराघरांत जाते, आणि सहाणेवर, म्हणजे देवीच्या त्या चौथऱ्यापाशी, ढोलाच्या तालावर गावकरी ती खांद्यावर घेऊन नाचवतात. पालखीला खांदा मिळणं हा मान. ज्याचा खांदा पालखीनं सोलवटून निघाला तो पुढे महिनाभर शर्टाची दोन बटणं उघडी टाकून हिंडतो.

मी? मी जन्मात कधी पालखी नाचवलेली नाही. भीती वाटते हो! देवीसकट पडलो तर गावात तोंड कुठे दाखवू? म्हणून माझ्याकडे एक वेगळं खातं आहे. ज्या मुंबईकरांना सुट्टी मिळत नाही त्यांना मोबाईलवरून पालखी लाईव्ह दाखवायची. दोन दिवस मी माडाखाली उभा राहून मोबाईल डोक्याच्या वर धरत होतो. कुठल्या हातानं? उजव्या! दुखऱ्या! अक्कल बघा माझी.

परत कामावर आलो त्या सकाळी डब्याची पिशवी खुंटीला अडकवायला गेलो, तर हात अर्ध्या वाटेत थांबला. वरही जाईना, खालीही येईना. नाना दारातून बघत होते.

"काय वो सायेब, हात वर जात नाय?"

"नाही ना. खांदा पार गेलाय."

नानांनी माझ्या खांद्याकडे बघितलं. मग त्यांचा चेहरा उजळला. "पालखी नाचवलीत वाटता!"

आता इथे मी काय म्हणायला हवं होतं? 'नाही हो नाना.' संपला विषय! पण नानांची ती नजर... अहो, इतकी वर्षं हा माणूस माझ्याकडे भिंतीवरच्या पंख्याकडे बघावं तसा बघत आला होता. फिरतोय ना, मग ठीक आहे. आणि आज त्या नजरेत चक्क आदर! मी नुसता हसलो. शपथेवर सांगतो, एक शब्द खोटा बोललो नाही. बायकोच्या मते तीसुद्धा थापच. तोंड मिटून मारलेली.

दहाच्या चहाला नाना स्वतः माझा कप घेऊन आत आले. जेवणाच्या सुट्टीत कुंदाताई आल्या. या आमच्या पॅकिंगच्या बायकांच्या म्होरक्या, आवाज असा की बाहेरच्या ट्रकवाल्याला हॉर्नची गरज पडत नाही.

"घरचा नारळाचा तेल हाय. चोळा खांद्याला. किती येळ धरलीत वो पालखी?"

"आता काय सांगायचं, ताई. देवाचं काम, त्यात वेळ कोण मोजतो?"

बघा, इथेही खोटं नाही! पण माझा विनय त्यांना फार भावला, आणि विनयाच्या बाबतीत एक गोष्ट मला त्या दिवशी कळली. माणूस जेवढा 'छे छे' करतो, तेवढी गोष्ट वाढते. संध्याकाळपर्यंत शेडमध्ये बातमी अशी होती की सायेबांनी दुसऱ्या कोणाला खांदा बदलू दिला नाही. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत देवी जड झाली, बाकीचे बसले, पण सायेब हलले नाहीत. तिसऱ्या दिवशी हातखंब्याहून खोके घेऊन आलेला टेम्पोवाला काचेला नाक लावून विचारत होता, "ते पालखीवाले सायेब हेच काय?"

मीही काही कमी नाही. मी चालताना उजवा खांदा जरा पुढे काढून चालायला लागलो. दोन बटणं उघडी टाकली. घरी बायकोनं विचारलं, "हे काय नवीन?" म्हटलं, "उकडतंय."

पण दुखणं काही मानानं थांबत नाही हो. केस विंचरायला डावा हात, जेवताना घास तोंडाकडे न्यायच्या ऐवजी तोंड घासाकडे. आंब्याचा हंगाम नुकता सुरू झालेला. हा हात असाच राहिला तर हंगामाच्या मध्यावर मी घरी बसणार आणि माझ्या जागी दुसरा कोणीतरी येणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. मनातून मी घाबरलो होतो. खरंच घाबरलो होतो.

तेवढ्यात मालकांनी, म्हणजे भाऊंनी, सगळ्यांना बोलावून सांगितलं, "दरवर्षी हंगामात कोणाची कंबर जाते, कोणाचं मनगट. म्हणून यंदा मी फिजिओथेरपीच्या डॉक्टर बाईंना बोलावलंय. त्या आपलं काम बघतील. कामामुळे ज्याचं जे दुखत असेल त्यावर काय बदल करायचा ते सांगतील. टेबल म्हणाल्या तर टेबल, खुर्ची म्हणाल्या तर खुर्ची."

टेबल! मला आनंदानं टाळी वाजवावीशी वाटली. वाजली नाही, कारण हात वर गेला नाही. पण मनात ठरलं. त्या धुडाचे पाय कापून घ्यायचे, खुर्ची नवी घ्यायची, खांदा वाचवायचा!

डॉक्टर मॅडम आल्या. तिशीच्या असतील, पायात बूट, केस घट्ट बांधलेले. आल्या आल्या भाषण नाही, काही नाही. कोपऱ्यात उभ्या राहून नुसतं सगळ्यांचं काम बघत राहिल्या. मग सगळ्यांना गोळा केलं.

"जड उचललं की दुखतं, हे तुम्हाला मी सांगायला नको," त्या म्हणाल्या. "पण हलकं कामसुद्धा तेच ते, एकाच अवस्थेत बसून दिवसभर केलं, तर सांधे धरतात. अंग आधी हळू सांगतं. आपण ऐकत नाही. मग ते ओरडतं. ते हळू बोलतंय तेव्हाच ऐकायचं."

माझा खांदा दिवाळीपासून हळू सांगत होता, आता ओरडत होता. मी मनातल्या मनात मान डोलावली.

मग एकेकाला पुढे बोलावणं सुरू झालं. कुंदाताईंची कंबर, कारण जमिनीवरच्या क्रेटमधून आंबे काढायला दिवसभर ओणवं. मॅडम म्हणाल्या, क्रेट खाली नको, कमरेएवढ्या उंचीच्या घडवंचीवर ठेवा. नानांच्या माणसांना सांगितलं, क्रेट छातीशी धरून, गुडघे वाकवून उचला, आणि उचलल्यावर कमरेतून वळू नका, पाय वळवा. लांब न्यायचं तर ढकलगाडी. भाऊ प्रत्येक गोष्टीला "होईल, होईल" म्हणत होते. असे मालक बघायला मिळतात का सांगा!

माझी पाळी आली. मी पुढे झालो. तोंड उघडलं, "मॅडम, माझं ते टेबल..."

"मॅडम, त्यांचा कामाचा नाय!" नाना मागून ओरडले. "त्यांचा पालखीचा खांदा हाय!"

"देवी जड झालती," कुंदाताईंनी पुरवणी जोडली.

भाऊ कौतुकानं म्हणाले, "आमच्या शेडचं भूषण आहेत ते."

सगळी शेड माझ्याकडे बघतेय. आता सांगा, मी काय करायला हवं होतं? माउस म्हणावं तर साबणाच्या वडीपुढे हरलेला माणूस म्हणून लोक हंगामभर हसणार. पालखी म्हणावं तर टेबल गेलं, कारण पालखी काही भाऊंच्या कामात मोडत नाही. इकडे आड, तिकडे विहीर! शहाण्या माणसानं खांदा वाचवला असता. मी अब्रू वाचवली.

"हो," मी म्हटलं. "पालखीच."

मॅडमनी माझा हात धरला, वर नेला, मागे नेला. इथे दाबलं, तिथे दाबलं. मी दोनदा आईला हाक मारली. मग त्यांनी काचेतून माझ्या खोलीकडे एक नजर टाकली आणि पुन्हा माझ्याकडे वळल्या.

"पालखी कुठल्या खांद्यावर घेता?"

"उ... उजव्या."

"नाचवताना वळता कुठून? कमरेतून की पायातून?"

मला काय ठाऊक! "दोन्हीतून," मी ठोकून दिलं.

"असं सांगून कळायचं नाही," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "बाकीच्यांचं काम मी बघितलं, तसं तुमचंही बघायला हवं. करून दाखवा."

मला सुटल्यासारखं झालं. म्हटलं, "दाखवलं असतं हो मॅडम, पण इथे पालखी कुठून आणायची?"

हे वाक्य, मंडळी, शिमगा संपून आठवडा झालेला असताना कोकणात कधी उच्चारू नये! बोलणं पुरं व्हायच्या आत नानांनी ताडपत्रीचा बांबू ओढला, रिकामा क्रेट सुंभानं त्याला बांधला. कुंदाताईंनी आपली भगवी ओढणी त्याच्यावर पसरली आणि सगळ्यांना बजावलं, "देव नाय हाय बरा का, नुसता क्रेट हाय." कोणीतरी पाण्याचं निळं पिंप उपडं घातलं आणि त्यावर हात पडला. तो ताल कानावर आला मात्र, अख्ख्या शेडचे पाय हलायला लागले. भाऊंचेसुद्धा!

"पुढून तुम्ही धरा," मॅडम मला म्हणाल्या. "मागचा खांदा मी घेते. मागून नीट अंदाज येतो."

दुखऱ्या खांद्यावर बांबू ठेवायचा माझा धीर होईना, म्हणून मी तो गुपचूप डाव्यावर घेतला. नानांच्या ते लक्षात आलं, पण त्यांनी त्यातही भक्तीच शोधली. "दोनी खांदं तयार हायत मानसाचं!"

आणि मग काय विचारता! मला वाटलं होतं, दोन पावलं टाकू आणि थांबू. पण मागचा खांदा थांबायला तयारच नव्हता. बाई अशा नाचत होत्या की मला पुढे ओढल्यासारखं व्हायचं, मागे ढकलल्यासारखं व्हायचं, मध्येच गोल. मी नाचत नव्हतो, मला नाचवलं जात होतं. बायका टाळ्या देतायत, पोरं शिट्ट्या मारतायत, नाना मोबाईलवर शूटिंग करतायत. मलाही चेव चढला. इतक्या वर्षांची भीती गेली कुठे कोण जाणे. म्हटलं, आता एक गिरकी मारून दाखवू!

मारली. पाय राहिले तिथेच, कंबर तेवढी वळली.

कट्!

आवाज मला आतून ऐकू आला. मी खाली, क्रेट माझ्यावर, त्याच्यावर कुंदाताईंची ओढणी.

चौघांनी उचलून मला पॅकिंगच्या टेबलावर आडवं केलं. मॅडमनी बूट काढायला लावले, गुडघ्यांखाली गोणपाटाची गुंडाळी दिली. मी कण्हतोय, आणि नानांचा मोबाईल वाजला. नानांना कानानं कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांचा फोन कायम स्पीकरवर. त्यांचा साडू आमच्याच गावचा. नानांनी अभिमानानं व्हिडिओ त्याला धाडला होता, त्यानं तो माझ्या चुलतभावाला, अण्णाला दाखवला होता. आणि फोनवर होता अण्णा.

"नाना, हा नाचतोय तो आमचा सद्याच काय?"

"व्हय तर! तुमच्या गावची पालखी गाजवून आला ना!"

"कोण? सद्या?" अण्णाचा आवाज शेडच्या पत्र्यावर आपटून परत आला. "अहो, तो माडाखाली मोबाईल धरून उभा होता! पालखी जवळ आली की दोन पावलं मागे सरायचा. त्यानं पालखीला खांदा दिला असेल तर मी मिशी काढून देईन!"

माझं कण्हणं थांबलं. बायकांची कुजबुज थांबली. बाहेर टेम्पो रिव्हर्स घेत होता, तोही थांबला असावा.

नाना माझ्यावर वाकले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं वाटलं असतं. "सायेब, मंग खांदा कशानं गेला?"

छताकडे बघत मी म्हटलं, "माउसनं."

मग कुंदाताईंचा आवाज आला, "मंजे मी माज्या घरचा तेल त्या माउसापायी घातला?"

आणि जी शेड हसत सुटली, ती तासभर कामाला लागली नाही. भाऊ तर खांबाला धरून हसत होते. मीही हसलो असतो, पण कमरेत कळ यायची.

मॅडम तेवढ्या शांत होत्या. मी त्यांना म्हटलं, "तुम्हाला राग आला असेल. तुमचा वेळ घालवला."

"नाही हो. मला आधीच कळलं होतं. त्या काचेतून तुमचं टेबल दिसतंय ना! तिथे बसणाऱ्याचा खांदा दुखला नसता तरच नवल."

मी उठून बसायचा प्रयत्न केला, जमला नाही. "कळलं होतं? मग बोलला का नाहीत? मला नाचायला कशाला लावलंत?"

बाईंनी इकडेतिकडे बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "मी सावर्ड्याची. आमच्या वाडीत हल्ली आम्ही मुलीही खांदा देतो. यंदा शिमग्याला सुट्टीच मिळाली नाही हो. म्हटलं, एवढी संधी आलीय तर..."

मी कपाळावर हात मारून घेतला. डावा.

"मात्र तुमची कंबर जाईल असं वाटलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "त्याचं मला वाईट वाटतंय. पण वर्षभर खुर्चीत बसायचं आणि अंग मोकळं न करता एकदम गिरकी? उद्यापासून व्यायाम शिकवते. आणि दुखलं की कशानं दुखलं ते खरं सांगत जा. खोट्या कारणावर खरं औषध लागू पडत नाही."

भाऊ शब्दाला जागले. टेबलाचे पाय कापले. नवी खुर्ची आली, कोपर कानापासून सुटून बरगडीशी आलं, कॉम्प्युटरचा पडदा डोळ्यांसमोर. मध्येमध्ये उठून शेडमध्ये एक फेरी मारायची असाही नियम झाला. तो पाळायची जबाबदारी नानांनी आपणहून घेतली. काचेवर टकटक करतात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतात, "सायेब, उठा. थकलाव असाल. सकाळपासून माउस उचलताव."

कंबर महिन्याभरात बरी झाली. खांदाही हळूहळू मोकळा झाला. आता केस उजव्या हातानं विंचरतो, उरलेत तेवढे.

पण गोष्ट इथे संपली असती तर मी कशाला सांगत बसलो असतो? तो व्हिडिओ गावभर फिरला ना! गणपतीत गावी गेलो, तर अण्णानं अख्ख्या वाडीसमोर मला उभं केलं. "कंपनीत क्रेट नाचवतोस आणि आपल्या देवीला खांदा द्यायला तुला भीती वाटते? येत्या शिमग्याला पहिला खांदा तुझा!" गावकऱ्यांनी ठरवून टाकलं. मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

म्हणून सध्या रोज सकाळी दाराच्या कडीला रबराचा पट्टा बांधून मी खांद्याचे व्यायाम करतो. मॅडमनी शिकवलेत तसेच. परवा बायको चहा घेऊन समोर येऊन बसली, बघत राहिली, आणि म्हणाली, "अहो, पण यंदा खरंच पालखी नाचवलीत आणि खरंच खांदा दुखला, तर?"

"तर काय, शेडमध्ये कोणाचा विश्वास बसणार आहे? खांदा धरून आत शिरलो की नाना विचारतील, 'काय वो सायेब, गावी जाताना माउस पन घेऊन गेलेलाव काय?'"